कॅप्टन हॉर्टन माझ्या पानावर जन्मला

मी वही बोलतेय. दोनशे पानांची, फुलस्केप, लाल कापडी पाठीची आणि तोंडाने फटकळ. गोडगोड बोलणारी वही हवी असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी विषयाच्या वर्गात जा. मी एम.ए. इतिहासाची वही आहे. नऊ वर्षं मी एका प्राध्यापकाच्या काखेत काढली. वर्गात उघडल्यावर समोर काय दिसायचं, तर चाळीस खाली घातलेल्या माना. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही.

माझी सुरुवात मात्र चांगली झाली. १९८२ सालच्या जूनमध्ये धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका दुकानातून कुंदाने मला उचललं. कुंदा शिंदखेड्याची. वडील सुकदेव रेल्वेत गँगमन. अख्ख्या वस्तीत बी.ए. झालेली ती पहिली मुलगी, आणि आता धुळ्यात एम.ए. करणार होती. घरी गेल्यावर तिने मला वडिलांच्या हातात दिलं. त्यांना अक्षरं जेमतेम लागत. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तुनं नाव कोठे शे यामा?"

मग कुंदाने पहिल्या पानावर ठळक अक्षरात नाव घातलं. कुंदा सुकदेव बैसाणे. वडिलांनी ते बोटाने एकेक अक्षर करून वाचलं आणि मला परत दिलं.

दोन वर्षं ती माझ्यावर लिहीत होती. बाकीचे विद्यार्थी काय करायचे ते सांगते. ते वर्गात यायचे, सर बोलतील ते उतरवायचे आणि परीक्षेच्या आधी घोकायचे. विषय इतिहास असो की किराणा मालाची यादी, त्यांना दोन्ही सारखंच. कुंदा वेगळी होती. ती ग्रंथालयात जाऊन मूळ पुस्तक काढायची, वाचायची, बंद करायची आणि मग आपल्या शब्दांत लिहायची. कोणाचं वाक्य घेतलंच तर समासात बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. माझ्या समासाचा मला अभिमान आहे. असा समास खानदेशातल्या कुठल्या वहीला नसेल.

आता सरांविषयी. प्राध्यापक भाईदास सर. उंच, गोरे, सफारीत. वर्गात आले की पहिला शब्द 'घ्या'. नमस्कार नाही, प्रश्न नाही, थेट 'घ्या'. मग कागद उघडून सांगायला सुरुवात. स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद, सगळं तोंडाने सांगायचे. मध्येच कोणी काही विचारलं तर म्हणायचे, "आधी घेऊन तर ठेव." घेऊन ठेवलेलं पुढे कधी कोणी उघडून पाहिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

सरांकडे एका कपाटात महत्त्वाची पुस्तकं होती आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून ते ती कोणाला देत नसत. स्वतःही वाचत नसत. अशी निगा मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकांची राखलेली पाहिली नाही.

१९८३ च्या पावसाळ्यात सरांनी एक निबंध लिहायला सांगितला. विषय, १८५७ आणि खानदेश. सातपुड्यातल्या भिल्लांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं तो काळ. कुंदाने मिळेल ते सगळं वाचलं आणि शेवटी आपलं एक वाक्य लिहिलं: "इंग्रजांनी कोण लढलं याची यादी केली, का लढलं, ते विचारायला कोणी गेलं नाही."

सरांनी ते वाक्य लाल शाईने कापलं. खाली शेरा दिला, 'हे कोणाचे मत? विद्यार्थ्याचे मत विचारलेले नाही.' वर्गातही सांगितलं की एम.ए.च्या उत्तरात एखाद्या इंग्रज लेखकाचं वाक्य नसेल तर ते उत्तर पहिल्या वर्गाचं होत नाही.

दोन दिवस कुंदाने मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला उघडलं, तेच वाक्य इंग्रजीत लिहिलं, खाली त्याचा मराठी अर्थ दिला आणि पुढे लिहिलं, 'कॅप्टन हॉर्टन'. असा कोणी माणूस नव्हता. नाव तिला तिथेच, लिहिता लिहिता सुचलं. वाक्याचं तोंड जरा फिरवलं, एवढंच: "कोण लढलं याची यादी आम्ही केली, का लढलं, ते विचारायला आमच्यातलं कोणी गेलं नाही." निबंध पुन्हा लिहून दिला. सरांनी त्याच वाक्याखाली दोन रेघा मारल्या आणि लिहिलं, 'उत्तम'.

त्या दिवशी कुंदा पोट धरून हसली. मीही हसले असते, पण मला राग जास्त आला होता. पोरीचं डोकं पोरीच्या नावावर चालत नाही आणि न झालेल्या साहेबाच्या नावावर चालतं, याला हे लोक अभ्यास म्हणत होते. समासात मात्र कुंदाने काही लिहिलं नाही. तेवढी एकच जागा तिने कोरी सोडली. खोटा पान क्रमांक घालायला तिचा हात धजला नाही.

पुढे फेब्रुवारी १९८४. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. सरांनी कुंदाला स्टाफ रूममध्ये बोलावलं आणि म्हणाले, तुझी वही दोन दिवस दे, तपासून देतो. कुंदाला आनंद झाला. प्राध्यापक आपली वही तपासणार म्हणून तिने मला नवं कव्हर घातलं.

ते दोन दिवस काही संपले नाहीत. कुंदा मार्चमध्ये आली, सर रजेवर. एप्रिलमध्ये आली, सर घाईत. शेवटी परीक्षा झाल्यावर आली तेव्हा सर म्हणाले, "कसली तुझी वही? मी सांगितलं, तू उतरवून घेतलंस. अक्षर तुझं असेल, विचार माझे आहेत."

मी त्यांच्या टेबलाच्या खणात होते. पहिलं पान, नावाचं, त्यांनी आधीच फाडलं होतं.

कुंदाला चोपन्न टक्के पडले. प्राध्यापक व्हायला पंचावन्न लागतात. स्वतःच्या नोट्स हातात नसताना शेवटचे दोन महिने तिने कशावर अभ्यास केला असेल, ते मला माहीत नाही. मी तेव्हा 'घ्या' ऐकत होते.

दोन वर्षांनी सरांची जळगावला बदली झाली, त्याच शिक्षण संस्थेच्या तिथल्या महाविद्यालयात. मीही त्यांच्या काखेत जळगावला आले. नवीन विद्यापीठ झालं, अभ्यासक्रम बदलला. सरांनी माझं कव्हर बदललं. आत तेच. नव्या पेपरला जुनंच पान उघडायचे आणि मथळा तेवढा वेगळा सांगायचे.

हॉर्टनची तर भरभराट झाली. पहिल्याच वर्षी कोणा हुशार विद्यार्थ्याने त्याला कर्नल केलं. मग एका जुन्या विद्यार्थ्याने गाइड छापलं, त्यात तो जनरल झाला, आणि 'महत्त्वाचे उद्गार' म्हणून चौकटीत बसला. परीक्षेत दर वर्षी शंभरेक उत्तरांत तो हजर. तपासणारे त्याला गुण देत. न जन्मलेल्या माणसाला एवढी बढती मिळालेली मी पाहिली आणि जन्मलेल्या मुलीचं नाव फाडलेलंही मीच पाहिलं. नऊ वर्षांत एकाही विद्यार्थ्याने, एकाही परीक्षकाने विचारलं नाही की हा हॉर्टन कोण, पुस्तक कुठलं, पान कितवं. आणि हे सगळे इतिहासाचे लोक.

मग आली हसीना. पिंप्राळ्याची. वडील हबीबभाई गाद्या भरायचे, आई नूरबी घरी शिवणकाम करायची. हसीनाचं अक्षर मोत्यासारखं आणि आवाज खणखणीत. सरांचा घसा बसला की ते तिला पुढे बोलावून माझ्यातलं वाचायला लावायचे आणि स्वतः चहाला जायचे. १९९३ च्या जानेवारीत, ती दुसऱ्या वर्षाला असताना, सरांनी मला तिच्या हाती दिलं. माझी पानं सुटायला लागली होती. सर म्हणाले, चांगल्या अक्षरात नवी प्रत करून दे, अंतर्गत गुणांचं मी बघतो.

पिंप्राळ्याच्या त्या घरात मला बरं वाटलं. एका बाजूला कापूस, एका बाजूला शिवणयंत्र, मध्ये मी. हसीना उतरवता उतरवता वाचत होती. हे मला नवीनच होतं. सत्तरेक पानं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसऱ्याच्या घेतलेल्या प्रत्येक वाक्याला समासात पुस्तक आहे, पान आहे, फक्त हॉर्टनला नाही. तिला वाटलं, लिहिणाऱ्याचं राहून गेलं असेल, आपण शोधून घालू. तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, पुण्यात शिकत असताना मी ते पुस्तक स्वतः वाचलंय, तपकिरी बांधणीचं आहे, तू उतरव.

तपकिरी बांधणी. मला पानं असून हात नाहीत याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

हसीनाने जळगावची ग्रंथालयं पालथी घातली. कोणीतरी सांगितलं, धुळ्याला एक जुनं ग्रंथालय आहे, तिथे एक बाई आहेत, त्यांना सगळी पुस्तकं पाठ आहेत. एका रविवारी ती मला कापडी पिशवीत घालून एसटीने धुळ्याला गेली.

टेबलामागच्या बाई चष्मा लावून कार्डं लावत होत्या. हसीनाने विचारलं, खानदेशवर कॅप्टन हॉर्टनचं पुस्तक आहे का. बाईंचा हात कार्डावर थांबला. त्यांनी विचारलं, हे नाव तुला कुठे मिळालं. हसीनाने मला बाहेर काढून ते पान उघडून दाखवलं.

कुंदाने मला ओळखायला वेळ लावला नाही. नऊ वर्षांनी तिचं बोट माझ्या समासावरून फिरलं. मग तिने मला पुढून उघडलं आणि फाटलेल्या पानाची कड पाहिली. मग तिने हसीनाला सगळं सांगितलं. वही, निबंध, लाल शाई, सगळं. ग्रंथालय परीक्षेचा अभ्यास करून ही नोकरी धरली, तेही.

हसीना पेटली. म्हणाली, "अक्का, चला सरांकडे. विद्यापीठात चला."

कुंदाने विचारलं, जाऊन काय दाखवायचं. अक्षर माझं आहे, हे ते नाकारत नाहीतच. ते म्हणतात, विचार त्यांचे. हे माझंच आहे असा पुरावा काय?

आणि मग दोघीही माझ्याकडे पाहायला लागल्या. पुरावा एकच होता. हॉर्टन. तो नव्हता, हे त्याला बनवणाऱ्यालाच माहीत असणार. सर तर म्हणत होते, मी त्याचं पुस्तक वाचलंय. म्हणजे वही आपली आहे, हे सांगायचं तर कुंदाला आधी सांगावं लागणार होतं की तिने एक खोटा माणूस इतिहासात घुसवला. पुस्तकांवर विश्वास ठेवून पोट भरणाऱ्या बाईने.

कुंदा उठली, खिडकीशी गेली, परत आली. हसीना म्हणाली, नवी प्रत मीच करतेय, त्यात खाली टीप घालते, तुमच्या नावाने. फक्त तुम्ही हो म्हणा.

"लिही," कुंदा म्हणाली. "पण माझी चूकही लिही. नुसतं नाव नको."

हसीनाने तिथेच बसून मजकूर केला. शेवटी तिला घालायचं होतं की वही प्राध्यापक भाईदास यांनी बळकावली. कुंदाने ते खोडायला लावलं. म्हणाली, "त्यांचं नाव नको. या वहीत त्यांचं एक तरी वाक्य आहे का? मग नाव कशाला घालायचं?"

नऊ वर्षं मी सरांचा तिरस्कार करत होते. पण इतका स्वच्छ तिरस्कार मला जमला नव्हता.

कुंदाला एका गोष्टीची भीती होती. निकाल लागायच्या आत सरांनी ती प्रत उघडून पाहिली तर हसीनाचे गुण गेले. ती म्हणाली, निकाल लागेपर्यंत प्रत देऊ नकोस. पण सरांनी एप्रिलमध्येच मागितली. हसीनाने दिली. कुंदाला तिने सांगितलं, "अक्का, ते वर्गात उभे राहिल्याशिवाय वही उघडत नाहीत. दोन वर्षं पाहतेय मी."

मूळ वहीचं, म्हणजे माझं काय केलं, हे सरांनी विचारलंही नाही. मी धुळ्याला कुंदाच्या घरी आले. एप्रिल, मे, जून. कुंदाला जेवण गोड लागत नव्हतं. रोज हसीनाच्या पत्राची वाट बघायची. प्रत सरांच्या कपाटात होती, तीन महिने, एका हाताच्या अंतरावर. नुसती चाळली असती तरी त्यांना दिसलं असतं. त्यांनी चाळली नाही. जूनअखेर निकाल लागला. हसीना साठ टक्क्यांनी पास झाली.

सर दर वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात १८५७ वर येतात. हे इतकं ठरलेलं की त्यावर एसटीची वेळ लावावी. कुंदाने एक दिवसाची रजा टाकली आणि मला पिशवीत घालून जळगावला आली. हसीना स्टँडवर होती. दोघी रिक्षाने महाविद्यालयात गेल्या आणि व्हरांड्यात, वर्गाच्या दाराशी उभ्या राहिल्या. कुंदाने मला पिशवीतून काढून छातीशी धरलं होतं.

"घ्या," सरांचा आवाज आला.

हॉर्टन आला. इंग्रजीत आला, मराठीत आला. चाळीस पेनांची खरखर चालू होती.

"खाली टीप घ्या," सर म्हणाले. टीप म्हटल्यावर मुलं सावरून बसली. टिपांना गुण असतात.

सर सांगू लागले. "हॉर्टन नावाचा असा कोणीही लेखक झालेला नाही, पूर्णविराम. वरील वाक्य आणि या वहीतील सर्व टिपणे, स्वल्पविराम, कुंदा सुकदेव बैसाणे यांनी १९८२ ते १९८४ या काळात धुळे येथे लिहिली, पूर्णविराम. हॉर्टनचे खोटे नाव त्यांनीच घातले, स्वल्पविराम, ही त्यांची चूक आहे, पूर्णविराम. परिच्छेद."

एकही मान वर झाली नाही. सांगणाऱ्याने सांगितलं, घेणाऱ्यांनी घेतलं. असलेला लेखक आणि नसलेला लेखक त्यांना सारखाच होता. माझं मत यांच्याविषयी उगाच वाईट नाही.

मग पुढच्या बाकावरच्या झुलाल नावाच्या मुलाने विचारलं, "सर, ते नाव परत सांगा ना. कुंदा काय?"

सरांनी वहीत बोट ठेवलं आणि सवयीने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "कुंदा. सुकदेव. बैसाणे."

आणि थांबले. आता त्यांनी वाचलं. पहिल्यांदा वाचलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मान वर केली, तर दारात कुंदा उभी.

मग सर म्हणाले, शेवटची टीप कापून टाका, ती चुकून आली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वह्यांत शाईने लिहून झालं होतं, आणि सरांनी सांगितलेलं कापायची कोणाला सवय नव्हती. झुलालनेच पुन्हा विचारलं, "पण सर, हे परीक्षेला येणार का?"

सरांनी वही मिटली.

"येईल," कुंदा दारातून म्हणाली. "आणि कोणाचं मत ते विचारलं, तर नाव तुमच्याकडे आहे."

ती आत गेली नाही. भांडली नाही. वळली आणि व्हरांड्यातून चालायला लागली, हसीना तिच्या मागे. परतीच्या एसटीत पारोळा मागे पडला. मग कुंदाने मला मांडीवर ठेवून हसीनाने दिलेली शेंगांची पुडी सोडली आणि एकटीच म्हणाली, नाव मात्र नीट घेतलं त्यांनी.

आता मी धुळ्यात कुंदाच्या ग्रंथालयात, तिच्या टेबलामागच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही. सरांनी नव्या नोट्स काढल्या म्हणे, दुसऱ्या कोणाच्या असतील. गाइडमधला जनरल हॉर्टन अजून जिवंत आहे आणि दर उन्हाळ्यात खपतो. कधीतरी एम.ए.ची मुलं येतात, कुंदाला विचारून मला बाहेर काढतात, आणि बसल्या बसल्या उतरवायला लागतात, न वाचता.

उतरवा. माझी पानं सुटलीत, कडा पिवळ्या पडल्यात, पण अजून चार जणांना पुरेन. एवढंच सांगते, माझ्यातही एक खोटं आहे. कितव्या पानावर, ते मी सांगणार नाही. तेवढं तरी वाचून शोधा.